अंदाजानं बोट वर करायचं नाही

देवीवर माझा लई राग होता, हे आधीच सांगते. तापातून उठले ती दोन्ही कान बंद होऊनच. शाळेऐवजी आईच मला घरी शिकवायची, आणि दुपारच्या जेवणानंतर शास्त्रीय संगीताचा तास ठरलेला. अशा घरातल्या पोरीचे नेमके कानच न्यावेत? वडवणीत आमच्याकडं गाणारं कुणीच नाही. आई मोबाइलवर जुनी ध्वनिमुद्रणं लावायची, घराणं कुठलं, गुरू कोण ते सांगायची, मग दोघी नुसतं ऐकायचो. समेवर, म्हणजे ताल फिरून पहिल्या मात्रेवर येतो तिथं, बोट वर करायचं. "अंदाजानं करायचं न्हाई," ती बजावायची. "सम येती. तिला ओढून आणायची नसती."

कानांसाठी दिलेलं औषध संपल्यावर अंबाजोगाईच्या दवाखान्यात तपासणी होती. औषधानं काही परत आलं नसेल तर पुढं आशा धरू नका, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं. मला बंद खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आवाज काही येईना. मी घाबरून दाबतच सुटले. काचेपलीकडच्या ताईंनी कपाळाला हात लावला. आवाज नसतानाही तू दाबतेस, दुपारी परत बोलावलंय, असं आईनं मोबाइलवर लिहून दाखवलं.

तिनं मला ओढतच देवीच्या देवळात नेलं. मी पाया पडले नाही. तोंड फिरवून खांबाला टेकले. समोर बायकांचं भजन चाललेलं, तोंडं हलत होती, टाळ आपटत होते, आणि मला ढिम्म काही नाही. रडू फुटलं. एक भजन संपल्यावर ढोलकीवाल्या अनोळखी बाईनं माझा हात ओढून ढोलकीच्या लाकडावर ठेवला. ती काय बोलली ते आईनं नंतर सांगितलं, "कावून रडती बाय? हात लाव हितं."

आधी नुसती थरथर. मी मात्रा मोजायला गेले, चुकले, परत मोजल्या, परत चुकले, शेवटी थकून सोडून दिलं. बाई वाजवत होती, मी बसले होते. मग कधीतरी माझं बोट आपोआप वर गेलं. आईकडं पाहिलं, तर तिचंही बोट वर होतं.

दुपारी त्या खोलीत मी डोळे मिटले. आई, तुला द्यायचं ते दे, असं देवीला म्हटलं. राग तेव्हाही होताच. बराच वेळ काही नाही. मी दाबलं नाही. अजून काही नाही. बोट बटणावरच होतं, तरी दाबलं नाही. मग डाव्या बाजूला, लई लांबून, एक बारीक सूर आला.

उजवा कान गेला तो गेलाच. डाव्याला यंत्र आहे. त्या बाईचा पुढं पत्ता लागला नाही. औषध लागू पडलं की देवी पावली, यावर मी वाद घालत नाही. देवळात गेले की आता पाया पडते, मागत मात्र काही नाही. दुपारचा तास परत सुरू झालाय. आई गाणं लावते, मी स्पीकरवर तळहात ठेवते आणि समेची वाट बघते.