ऑलिव्हच्या बाटल्यांतला जवळा

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून मी माझं बीपीसुद्धा लपवत नाही. चाचाचा जवळा मी चोरला होता.

दोन हजार सालाच्या आसपास मी अबुधाबीला, खलिफा सिटीतल्या एका व्हिलात माळीकाम करायचो. मालकाने हौसेने ऑलिव्हची झाडं आणून लावली होती. त्यांच्यासाठी दर बुधवारी एक सीरियन शेती-इंजिनिअर यायचा, त्याला सगळे मुहंदिस म्हणत. चाचा रत्नागिरीकडचा, मालकाचा स्वयंपाकी. मागच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो आणि आमचं जेवणही तोच करायचा. गावाहून कोणी आलं की चाची त्याच्याबरोबर सुका जवळा पाठवायची. तो डबा चाचाच्या खाटेखाली असे. कांद्यावर परतलेला तो जवळा खाल्ला की चाचा तासभर कोणावर चिडत नसे.

फवारणीचा पंप दिसला की मुहंदिसचं डोकं फिरायचं. औषधाने कामाचे किडेही मरतात, म्हणायचा. त्याची रीत वेगळी. प्लास्टिकच्या बाटल्यांना भोकं पाडून त्यांत डीएपीचं पाणी भरायचं आणि त्या झाडांना टांगायच्या. वासाने फळमाशी येते, बुडते. बुडालेल्या माशा दर बुधवारी मोजायच्या, खाली पडलेली किडकी फळं गोळा करून नष्ट करायची. माशा फारच वाढल्या तर औषधाचं बघू. "पहले गिनो, बाद में दवा," हे तो रोज दात घासावेत तसं म्हणायचा.

त्याने डीएपीची पिशवी माझ्या हातात दिली. आता डीएपी म्हणजे काय हे मला शिकवायचं? शेतात टाकायचं खत ते. ते बाटलीत घालून झाडाला सलाईनसारखं टांगायचं, हे काही मनाला पटेना. खोलीमागे माझा मेथीचा वाफा होता, कावीळ झाल्यासारखा पिवळा. सगळी पिशवी मी आठवडाभरात थोडी थोडी करून तिथे जिरवली, आणि बाटल्या साध्या पाण्याने भरून टांगल्या. मेथी अशी उठली की बघत राहावं.

मंगळवारी डोक्यात प्रकाश पडला, बाटल्यांतल्या नुसत्या पाण्याला वासच नाही. उद्या मुहंदिस वास घेऊन बघणार. चाचा मालकाबरोबर बाजारात गेला होता. मी डबा उघडला, दोन मुठी जवळा बादलीत भिजवला आणि ते पाणी बाटल्यांत भरलं. वास तर वास. माशीला काय कळतंय?

माशीचं माहीत नाही, मांजरांना कळलं. बुधवारी सकाळी सगळ्या सेक्टरची मांजरं झाडांवर होती. एक बोका दोरीत पाय अडकवून बाटलीसकट बागेत फेऱ्या मारत होता. कच्च्या फळांचा खाली सडा पडला होता. मुहंदिस आला. शिस्तीचा माणूस म्हणून त्याने आधी वही काढली आणि लिहिलं: माशा शून्य, मांजरं अकरा.

त्याने एक बाटली हुंगली. मग बादली हुंगली. बाटल्या भरायची बादली तीच, आणि चाचा तिच्यातच जवळा धुतो हे त्याला ठाऊक होतं. चाचाला बोलावणं गेलं. मी बाजूला उभा राहून पाइप गुंडाळत होतो. आधीच गुंडाळलेला होता, तरी गुंडाळत होतो.

चाचानेही बादली हुंगली. मग म्हणाला, "माफ करो मुहंदिस साब. मेरी गलती. जवळा धोके बादली वैसाच रखा होगा."

"खलास," मुहंदिस म्हणाला. "आज से कमरे में सुकी मछली बंद."

उरलेला डबा चाचाने दुबईला निघालेल्या एका ड्रायव्हरला देऊन टाकला. झाकण दोनदा घट्ट करून दिला. त्या दिवशी आम्ही मेथी खाल्ली. चाचाने भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "मेथी मात्र झकास आलीय रे. काय घातलंस?"

"काही नाही चाचा. पाणीच."

नंतरची दोन वर्षं आमच्या खोलीत मेथी आणि डाळ, डाळ आणि मेथी. मुहंदिसने डीएपीची नवी पिशवी आणली आणि या वेळी बाटल्या स्वतः भरल्या. दोन-चार माशाही सापडल्या. औषध शेवटपर्यंत लागलं नाही.

चाचा आता गावी असतो. ईदेला फोन करतो. मांजरांची गोष्ट नातवंडांना हसून सांगतो, आणि त्यात बादली न विसळणारा वेडा अजून तोच असतो. मीही फोनवर हसतो.

मी चाचाला एक डबा जवळा आणि एक खरं वाक्य देणं लागतो. यातलं अजून काहीच दिलेलं नाही.