खंडेनवमीची काडतुसं

फ्रिस्कोच्या आमच्या घरात गराज ही नवऱ्याची जहागीर होती. गाड्या बाहेर उन्हात, आणि आत त्याचे उद्योग. आधी सुतारकाम झालं, मग दुर्बीण झाली, आणि ऑफिसातल्या कुणीतरी एकदा शूटिंग रेंजवर नेल्यावर पिस्तूल आलं. हे वेड काही उतरेना. त्यात हा मेकॅनिकल इंजिनीअर, दुसऱ्याने केलेल्या कामावर याचा विश्वास नाही. विकतची काडतुसं नकोत, म्हणून स्वतःच भरायला लागला. लोक घरी दही लावतात, आमच्याकडे काडतुसं लागायची.

मी चेष्टा करायची खरी, पण मला त्याची भयंकर भीती वाटायची. वापरलेल्या पितळी पुंगळ्या साफ करायच्या, प्रत्येकीत मोजकी दारू भरायची आणि वर गोळी दाबून बसवायची. दारू इतकी थोडी लागते की दुप्पट पडली तरी पुंगळीत मावून जाते, आणि तसं काडतूस उडवलं तर पिस्तूल हातातच फुटू शकतं. हे त्यानेच मला एकदा जेवताना सांगितलं, आणि वर म्हणाला, "पण मी डबल चेक करतो यार, डोन्ट वरी." मी ताट बाजूला सारलं. एकदा मी त्याच्याबरोबर रेंजवर गेले, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराने मला पहिला नियम सांगितला: धोका दिसला तर कुणीही 'सीझ फायर' असं ओरडायचं, लाजायचं नाही. बाकी काही लक्षात राहिलं नाही, एवढं राहिलं.

त्याने स्वतः एक गेज बनवलं होतं. ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा, त्यात ओळीने भोकं, थेट आप्पेपात्र. प्रत्येक भोक पिस्तुलाच्या नळीच्या मापाचं. काडतूस त्यात सोडलं की टुक करून काठाशी सपाट बसायला हवं. जे वर डोकावेल ते बाद, कारण ते पिस्तुलात अडकणार. हे तपासायचं काम मी मागून घेतलं. शिकण्याची हौस म्हणून नव्हे. त्याच्या हातात जाणारं प्रत्येक काडतूस आधी माझ्या हातातून गेलं पाहिजे, असं मला वाटायचं. सगळी भोकं भरली की मी डोळे मिटून वरून बोट फिरवायची, कुठे अडतं का बघायला.

"आतलं कसं कळतं यात?" मी एकदा विचारलं.

"आतलं मी बघतो, बाहेरचं तू बघ," तो म्हणाला.

त्या वर्षी नवरात्रात सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्या घरी खंडेनवमीला विळी, अडकित्ता, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा होते. इथे लेकाच्या घरात खरंखुरं शस्त्र आहे म्हटल्यावर त्यांना कोण आनंद झाला. नवमी रविवारी होती. शनिवारी दुपारी नवरा पुंगळ्यांत दारू भरत असताना ऑफिसचा कॉल आला. भरलेल्या पुंगळ्यांचा ट्रे टेबलावर तसाच ठेवून तो आत गेला, आणि पूजेआधी साफसफाई हवी म्हणून सासूबाई फडकं घेऊन गराजमध्ये शिरल्या. कॉल बराच लांबला. परत आल्यावर त्याने घाईघाईत टॉर्च मारून पाहिलं, सगळ्या पुंगळ्यांत दारू दिसली, त्याने गोळ्या बसवून टाकल्या. संध्याकाळी मी ती काडतुसं ठोकळ्यात सोडली. एकही बाद झालं नाही. मी निर्धास्तपणे डब्याला झाकण लावलं.

रविवारी तो सकाळीच पिस्तूल आणि काडतुसांचा डबा घेऊन रेंजवर गेला. सासूबाई खट्टू झाल्या, पण उरलेल्या हत्यारांवर त्यांनी भागवलं. ड्रिलला हळदकुंकू झालं, हातोड्यांना झालं, माझ्या गाडीला झेंडूचा हार घातला. मग त्या ठोकळ्याला कुंकू लावू लागल्या आणि सहज बोलल्या.

"काल पुसताना त्या ट्रेला माझा धक्का लागला बघ. पाच-सहा पुंगळ्या लवंडल्या, पूड सगळी टेबलावर. पण मी परत भरून ठेवली हो. चिमटीनं, रांगोळी सोडतात तशी."

मी निरांजन हातात धरून त्यांच्याकडे वळले. "आई, किती भरलीत?"

"किती म्हणजे? बाटली तिथंच होती, त्यातली घातली अजून थोडी थोडी. त्याला सांगू नको, उगाच चिडेल."

मी फोन लावला. वाजत राहिला. कानांवर आवाज अडवणारे जाड मफ लावून उभा असलेला माणूस फोन कसा ऐकणार? परत लावला, परत तेच. मग निरांजन त्यांच्या हातात देऊन मी गाडीत बसले, हारासकट. हायवेवर झेंडूची फुलं उडून काचेवर आपटत होती. मला सारखा त्याचा उजवा हात दिसत होता, चहाचा कप धरलेला, आमच्या मुलीची वेणी घालणारा. आत्ता, आत्ता, आत्ता उडवलं असेल, असं प्रत्येक सिग्नलला वाटत होतं. देवाचं नाव घ्यायलाही सुचत नव्हतं.

रेंजवर सगळ्या पाठमोऱ्या माणसांत तो मला लगेच दिसला. हात लांब करून नेम धरत होता. मी ओरडले, तो आवाज माझा नव्हताच. "सीझ फायर!" रखवालदाराने तेच पुढे ओरडून सांगितलं, आणि सगळ्यांनी पिस्तुलं खाली ठेवली. नवरा वळला. मला तिथे पाहून त्याला वाटलं, आईला काहीतरी झालं.

मी सांगितलं. त्याने पिस्तूल रिकामं केलं, नळीतलं काडतूस वेगळं ठेवलं आणि बाकीची डब्यात भरली.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून तो एकेका काडतुसाची गोळी काढू लागला आणि आतली दारू छोट्या काट्यावर तोलू लागला. मी आधी ते काडतूस ठोकळ्यात सोडून बघायची. का, ते माहीत नाही. हात तेच करत होते. टुक, बसलं. दारू बरोबर. टुक, बसलं. बरोबर. अशी बरीच झाली आणि मला वाटायला लागलं, उगाच घाबरले मी. मग नेम धरला होता तेव्हा पिस्तुलाच्या नळीत बसलेलं काडतूस त्याने घेतलं. ते त्याने वेगळं बाजूला ठेवलं होतं. ठोकळ्यात तेही टुक करून सपाट बसलं, बोट फिरवलं तर कुठे अडलं नाही. त्याने गोळी काढली आणि कागदावर पुंगळी उपडी केली. ढीग आधीच्यांच्या दुप्पट होता. त्याने तो काट्यावर ठेवलासुद्धा नाही.

तेवढ्यात सासूबाई नैवेद्याची पुरणपोळी घेऊन आल्या आणि आमच्या खांद्यावरून डोकावल्या.

"ही माझी दिसतेय," त्या हसून म्हणाल्या. "म्हटलं, माझ्या लेकाला कमी पडायला नको."

"पुरली, आई," तो म्हणाला. टेबलाखाली त्याने माझं मनगट धरलं होतं. उजव्या हाताची पाचही बोटं मला रुतत होती.