एकट्याने खेळता न येणारा खेळ

माझा धाकटा भाऊ पुण्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आवाजाचं काम करायचा. गेममध्ये माणूस धावतो, दार उघडतं, बंदूक झाडली जाते, ते सगळे आवाज तयार करायचे. कित्येक वर्षं तो एकाच गेमवर होता. बंदुकीचा खेळ, पडद्यावर आपले फक्त हात आणि बंदूक दिसते, बाकी सगळं आपल्याच डोळ्यांनी बघितल्यासारखं. त्यात गोष्ट नव्हती. एकट्याने खेळायची सोयही नव्हती. इंटरनेटवर दुसरी माणसं असली तरच खेळ. मी बीडला ज्युनियर कॉलेजात शिकवते. मला यातलं जे काही कळतं ते त्याच्यामुळेच.

गेम बाजारात यायच्या तोंडावर तो न सांगता बीडजवळ पालीला, आमच्या घरी आला. अण्णांचा, आमच्या वडिलांचा, मला फोन आला, "पोरगं आलंय, पण एका जागी बसंना. तू ये बरं."

मी पोचले तेव्हा तो गोठ्यामागचा पाण्याचा हौद घासत होता. आईने हौद कालच घासला होता, हे ती मला हळूच म्हणाली. मग तो धरणाकडे चक्कर मारून आला, आल्या आल्या पुन्हा निघाला. शेवटी मीच त्याला ओसरीवर बसवलं आणि विचारलं.

"उद्या संध्याकाळी रिव्ह्यू येणारेत, आक्का," तो म्हणाला. "लिहिणाऱ्यांना गेम आधीच दिलाय. उद्या ठरल्या वेळेपर्यंत कुणी छापायचं न्हाई. मग सगळ्यांचं एकदमच बाहेर येतं."

अण्णा ऐकत होते. ते एकदा सरपंच होते आणि त्यानंतर एकदा पडलेही होते. "म्हणजे मतमोजणीच की," ते म्हणाले. "मग आता कावून घाबरतो? पेटीत जे हाय ते हाय."

"तुमी पडलता तवा तुमाला कसं वाटलतं?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "लई दिवस पारावर गेलो न्हाई," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आई हट्टाने म्हणाली, लिंबागणेशला गणपतीच्या दर्शनाला जाऊन येऊ. चौघंही गाडीत बसलो. देवापुढे त्याचा एक हात छातीशी होता आणि दुसरा खिशातल्या फोनवर. परतताना मांजरसुंब्याच्या चौकात चहाला थांबलो आणि फोन थरथरायला लागला. थांबेचना. त्याने तो माझ्या हातात दिला.

"आक्का, तू वाच. मला न्हाई वाचवत."

मी वाचायला लागले. पहिल्या परीक्षकाने बंदुकांचं कौतुक केलं होतं. हातात वजन जाणवतं म्हणे. नकाशेही आवडले होते, पण थोडेच आहेत आणि एकट्याने खेळायला काही नाही, तरी किंमत मात्र पुरी लावली आहे, असं पुढे होतं. मी म्हटलं, "चांगलं लिहिलंय, थोडी तक्रार आहे."

दुसरं परीक्षण उघडलं. त्यात आवाजावर अख्खा परिच्छेद होता. शत्रूची पावलं ऐकू येतात, पण तो वरच्या मजल्यावर आहे की खालच्या हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि अशा खेळात हे कळणं म्हणजेच जगणं-मरणं. "याला आवाज बरे वाटलेत," मी म्हटलं.

"पोरी," अण्णा म्हणाले, "तुझं तोंड दिसतंय मला. खरं काय लिहिलंय ते सांग त्याला."

मी जसंच्या तसं सांगितलं. भाऊ उठून रस्त्याच्या कडेने चालायला लागला. ट्रक अगदी जवळून जात होते. आई हाक मारत होती, पण त्याचं लक्ष नव्हतं. परत आला तो चिडूनच. "टीव्हीच्या स्पीकरवर खेळला असंल. हेडफोन घालून खेळायचं असतंय हे कळत न्हाई का त्याला?"

मी तिसरं उघडलं. ते एका बाईचं होतं. तिने लिहिलं होतं, दुसरं काही नसलं तरी केवळ आवाजांसाठी हा गेम खेळून बघावा. त्याला वाटलं मी पुन्हा साखर लावते आहे. मी फोन त्याच्यापुढे धरला. त्याने ती ओळ वाचली, दोनदा वाचली असेल, आणि खाली बसला.

"पण पहिला बोलला ते खरं हाय," थोड्या वेळाने तो म्हणाला. "वर-खालचं जमलं न्हाई. मीच सांगत होतो, अजून वेळ द्या."

"पहिला नाही, दुसरा," मी म्हटलं. त्यावर आई हसली, मग तोही.

बहुतेकांनी मधलाच कौल दिला होता. वाईट नाही, थोर नाही. एकाने मात्र शेवटी विचारलं होतं, काही महिन्यांनी इथे खेळायला कुणी असेल का? ती ओळ मी वाचून दाखवली आणि भावाने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

तो पुण्याला परतला. आमच्या कॉलेजातल्या मुलांना मी विचारत राहिले. त्यांना गेमचं नावही माहीत नव्हतं. एका रविवारी दुपारी मी पालीला लॅपटॉपवर तो लावला. अण्णा शेजारी बसले. पडद्यावर 'खेळाडू शोधत आहोत' अशा अर्थाची ओळ आली आणि एक गोल फिरत राहिला.

"कुणाची वाट बघतोय आपण?"

"माणसांची, अण्णा. पुरेशी जमली की सुरू होतं."

बऱ्याच वेळाने माणसं जमली. मी बाहेर पडताच मेले, पुन्हा उठले, पुन्हा मेले. कुणीतरी पडद्यावर इंग्रजीत लिहिलं, नवीन आहेस ना, माझ्या मागे राहा. मी तशी राहिले आणि एकदा तरी खोलीच्या पलीकडे जिवंत पोचले. अण्णांनी मांडीवर थाप मारली. पुढच्या डावासाठी गोल फिरत राहिला, चहा झाला तरी फिरतच होता.

तिकडे भाऊ आणि त्याचे सोबती दुरुस्त्या करत होते. पावलांचा वर-खालचा फरक त्यांनी नीट केला. तक्रार करणाऱ्याने पुन्हा खेळून तसं लिहिलंही, की आता हा गेम घ्यायला हरकत नाही. पण तोवर पुष्कळ माणसं निघून गेली होती, आणि माणसं नाहीत म्हणून उरलेलीही जात होती.

गेम ज्यावर चालायचा तो कंपनीचा सर्व्हर बंद होणार हे त्याने फोनवर सांगितलं. मी फोन स्पीकरवर टाकला होता.

"बंद म्हंजे?" अण्णांनी विचारलं. "ज्यांनी इकत घेतला त्यांच्याकडं तर ऱ्हाईल की."

"न्हाई अण्णा. कुणाकडंच ऱ्हात न्हाई. माझ्याकडं बी न्हाई."

अण्णांना ते पटेना. एवढी वर्षं केलेलं काम, घर नाही, विहीर नाही, कुठे दाखवायलाही नाही. त्यांनी तोच प्रश्न मला शब्द बदलून पुन्हा पुन्हा विचारला आणि मग अंगणात येरझाऱ्या घालत राहिले.

शेवटच्या दिवशी गेममध्ये खूप माणसं आली. मी बीडहून, तो पुण्याहून खेळलो. वाट बघावीच लागली नाही. डाव रंगात असताना पडदा थिजला आणि संपर्क तुटल्याची ओळ आली. मी लगेच त्याला फोन लावला. तो व्यस्त लागला. भाऊ मलाच लावत होता.

आता तो दुसऱ्या कंपनीत आहे. तिथेही असाच बंदुकीचा खेळ, असाच माणसांवर अवलंबून असलेला. अण्णा म्हणाले, दुसरं काही का करत नाहीस? तो म्हणाला, मला हेच येतं. हल्ली घरी आला की तसाच ओसरीच्या टोकापर्यंत जातो, परत येतो, आणि आता आमच्यापैकी कुणी त्याला बसायला सांगत नाही.