विषय : समुद्र मेल्याबाबत

“हालू नको बाबू. तो पाहून राह्यला.”

डावा डोळा मिटून ते हे म्हणत. उजव्या डोळ्याला घड्याळजीचं काळं भिंग अडकवलेलं असे. आणि ‘तो’ म्हणजे काचेच्या टाकीतला, हरभऱ्याएवढा, ना डोळे ना डोकं असा एक समुद्री जीव. मी श्वास रोखून बसायचो. डोळेच नाहीत तर तो पाहील कशानं, हे विचारायला मला सहा महिने लागले.

“डोळे नाई म्हणून तर साऱ्या अंगानं पाह्यते,” ते म्हणाले. “आता पुन्हा हालला तू.”

सगळा मोहल्ला त्यांना चाचा म्हणायचा, मीही तेच म्हणतो. चंद्रपुरात, परकोटाच्या जुन्या भिंतीआत, एका जिन्याखाली त्यांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल होतं. मी त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहतो आणि वीज कार्यालयात बाबू आहे. आलेल्या तक्रारींवर शिक्का मारायचा, साहेबांचा शेरा घ्यायचा आणि उत्तराचा मसुदा करायचा, एवढंच काम. बोलणं मला कमी जमतं. हे लिहितो आहे तेसुद्धा वेळच्या वेळी बोललो नाही म्हणून.

समुद्र त्यांच्याकडे आला तो एका दातांच्या डॉक्टरमुळे. डॉक्टर दवाखाना बंद करून नागपूरला निघाले होते. भिंतीवरचं घड्याळ नीट केल्याच्या बदल्यात त्यांनी चाचांना विचारलं, “टाकी नेता का?” दोन फूट लांब, दीड फूट उंच. पेशंटांनी घाबरू नये म्हणून ठेवलेली. आत खारं पाणी, एक दगड आणि दगडावर शर्टाच्या बटणांसारखी अकरा प्रवाळं. चाचांनी पाणी कॅनमध्ये भरलं, दगड बादलीत ठेवला आणि भर बाजारातून हातगाडीवर समुद्र घरी आणला.

“गेले होते घड्याळ द्याले, आले समुद्र घेऊन,” चाची पुढे वर्षभर येईल त्याला सांगत असे.

आमच्याकडे मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं. चाचांनी घरातला एकुलता एक कुलर टाकीकडे वळवला. चाची ओली ओढणी डोक्यावर घेऊन बसायची. “माणसाले लू लागली त कांदा, अन् या बटणाईले कुलर!”

दारावर मासोळी विकणारी ढिवराची बाई एकदा टाकीत बराच वेळ वाकून बघत राहिली. “इतल्या पाण्यात एकबी मासोळी नाई? मंग पाणी कायले नासवलं, बाप्पा?”

मोहल्ल्यात मात्र बातमी गेली ती वेगळीच. घड्याळवाल्याकडे पोवळी आहेत! एक बाई मुलीच्या मंगळासाठी आल्या. “एखादं पाच रत्तीचं द्या ना भाऊ.”

“बाई, हे जित्तं हाये.”

“मंग चांगलंच. गुण लवकर येईन.”

फोटोचं वेड कधी लागलं ते सांगता येणार नाही. सगळ्या टाकीचा फोटो त्यांना नकोच असे. एकेका बटणाचा हवा, तोही तोंडाची चीर आणि भोवतीची झालर मोजता येईल इतक्या जवळून. मोबाईलवर त्यांनी घड्याळाचं भिंग रबरबँडनं बांधलं. टाकीच्या निळ्या दिव्यात सगळं निळंच येई, म्हणून भिंगावर मिठाईच्या डब्याचा नारंगी जिलेटिन कागद लावला. उरलं एकच, काचेत चाचांचा पांढरा सदरा दिसायचा. पहिल्या दहा-बारा फोटोंत प्रवाळाला चाचांची दाढी आली आहे.

त्यावर त्यांनी एका गिऱ्हाईक वकिलाकडून जुना काळा कोट मागून आणला. मे महिन्याच्या दुपारी वकिलाचा कोट घालून हा माणूस मांडी घालून समुद्रासमोर बसायचा. मलाही काळा शर्ट सक्तीचा होता.

माझं काम विजेच्या बटणाचं. टाकीतली मोटर पाणी फिरवते, पाणी फिरलं की प्रवाळं डुलतात, आणि डुलणाऱ्याचा जवळून फोटो येत नाही. म्हणून दर रविवारी जेवणं झाली की मी भिंतीवरच्या बोर्डापाशी बसायचो. मोटर आणि पाण्यावरचा पंखा एकाच बटणावर होते. चाचा म्हणत, “बंद.” मी बंद करायचो. सगळं पाणी काचेसारखं थांबायचं. मग ते “हालू नको”, मग फोटो, मग “चालू”. वीज कार्यालयात माझी तेवीस वर्षं गेली, पण स्वतःच्या हातानं वीज चालू-बंद केली ती चाचांच्या घरी.

“धा मिनिटं,” ते बजावत. “पाणी फिरते म्हणून हे जगते. त्याच्यावर गेलं त जीव गुदमरते.”

ती दहा मिनिटं मोजायला खोलीत एकच घड्याळ होतं. आखातातून आलेल्या कुणी दुरुस्तीला टाकलेलं आणि परत न नेलेलं, लाल आकड्यांचं, प्लगवर चालणारं. लाइट गेली की ते सगळं विसरायचं आणि आल्यावर १२:०० वर लुकलुकत बसायचं. चाचा बाहेरून आले की चपला काढायच्या आधी त्याच्याकडे बघत. लुकलुकत असलं की आधी ते लावत. “घड्याळ खोटं बोलत नाई बाबू,” ते म्हणत, “मागं-पुढं होते फक्त.”

वाघाचे फोटो काढणारे एक साहेब एकदा घड्याळाचा पट्टा बदलायला आले. गळ्यात चुलीच्या नळकांड्याएवढी लेन्स. त्यांनी वाघीण दाखवली, चाचांनी मोबाईल पुढे केला. हिरवी झालर, मधे केशरी तोंड.

“हे काय आहे?”

“जनावर.”

“जंगलाच्या कुठल्या गेटला दिसलं?” साहेब एकदम गंभीर झाले.

“आमच्या बैठकीत. रोज दिसते. जिप्सी नाई लागत.”

दोन वर्षांत अकराची छत्तीस झाली. चाचा रोज सकाळी तोंडं मोजून मोहल्ल्याच्या ग्रुपवर फोटो टाकत. लोक त्यावर हात जोडून शुभ सकाळ म्हणत. आणि त्या मे महिन्यात दगडाच्या कडेला सदतिसावं दिसलं. मोहरीएवढं, तोंड मिटलेलं. चाचांनी त्यासाठी मला दोन रविवार श्वास रोखायला लावला.

इथवर मी गमतीचं सांगत आलो, कारण पुढचं पुढे ढकलत होतो.

त्या रविवारी त्यांना सिरोंच्याला जायचं होतं. मेहुण्याच्या मुलीचं लग्न होतं, चाची आधीच गेली होती. बसची वेळ झाली तरी ते कोट घालून बसलेले. “बंद.” मी बंद केलं. फोटो झाला. मग त्यांनी ड्रॉपरनं एकेका तोंडाशी खाणं सोडलं. खाणं वाहून जाऊ नये म्हणून पाणी अजून थोडा वेळ थांबवायचं होतं. कोट खुंटीला लावून त्यांनी पिशवी उचलली.

“धा मिनिटानं चालू कर. अन् उद्या संध्याकाळी चक्कर मार. मी परवा येतो. तवरिक हा सदतिसावा तोंड उघडीन, पाह्यजो.”

ते गेले. मी लाल आकड्यांकडे बघत बसलो. तीन मिनिटं झाली असतील, तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा. “अस्वल! अस्वल आलं! पाण्याच्या टाकीवर चढलं!”

मी धावलो. दार ओढून घ्यायचं सुचलं, कुलूपही लावलं, किल्ली खिशात टाकली. बटण राहिलं.

गर्दीत मी तीन तास होतो. अस्वल मला दिसलं नाही. मला दिसली ती अस्वल पाहणाऱ्यांची डोकी. मग ज्यांना दिसलं त्यांच्याकडून ऐकलं, ज्यांना दिसलं नाही त्यांना सांगितलं, घरी येऊन बायकोला तर ते कसं उतरलं तेही करून दाखवलं. रात्री गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुलूप काढलं आणि दारातच वास आला. पाणी ताकासारखं झालं होतं. बटणं विरघळून दगडावरून ओघळली होती. बोर्डावरचं बटण खाली होतं, मी ठेवलं होतं तसंच. मी ते चालू केलं. मोटर घुरघुरली आणि ते मेलेलं पाणी गोल फिरायला लागलं. आजही मला समजत नाही, मी ते कुणासाठी चालू केलं.

चाचा आले तेव्हा मी दारातच सांगून टाकलं, “चाचा, रातभर लाइट नव्हती.”

ते आत गेले. चपला पायातच होत्या. खोलीभर एकदा नजर फिरवली, मग टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “असं,” म्हणाले. एवढंच.

त्यानंतर मी रविवारी जाणं सोडलं. मग महिन्याभरानं एका सोमवारी चाचाच आमच्या कार्यालयात आले. काळा कोट घालून. शिपायानं वकील समजून खुर्ची दिली, साहेब केबिनमधून अर्धे उठले. चाचांनी माझ्या टेबलावर अर्ज ठेवला.

विषय : समुद्र मेल्याबाबत.

“महोदय, माझा समुद्र दोन फूट लांब व दीड फूट उंच होता. त्यात सदतीस जण राहत होते. पैकी एक लहान होता. रविवारी रात्री लाइट गेल्याने सर्व वारले असे समजते. तरी चौकशी व्हावी.”

कार्यालयात अर्ज कोणत्या सदरात टाकायचा यावर चहा होईपर्यंत चर्चा झाली. घरगुती, शेतीपंप, कारखाना, यांत समुद्र बसेना. साहेबांनी शेरा मारला : ‘समुद्र या तालुक्यात येत नाही. तरी पुरवठ्याची नोंद पाहावी.’

नोंद मीच पाहिली. उत्तराचा मसुदाही मीच केला. ‘सदर रात्री पुरवठा खंडित झाल्याचे आढळून येत नाही.’ तेवीस वर्षांत इतकं खरं पत्र मी लिहिलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी चाचांनी ते पत्र माझ्यासमोर दोनदा वाचलं. “नाई गेली म्हणते.”

“हो चाचा.”

“तू त म्हणला गेली होती.”

मी शिक्क्याची शाई उघडली, बंद केली. “नोंद राहून गेली असेल.”

“मंग पुन्हा पाह्य ना. घाई नाई.” त्यांनी पिशवीतून नवा अर्ज काढला, लिहूनच आणलेला. जाताना खुर्चीवर चढून आमच्या भिंतीवरचं घड्याळ बरोबर केलं. ते महिन्याला चार मिनिटं मागे पडतं.

मग दर महिन्याचा एक सोमवार. “कुठवर आली चौकशी?” “चालू आहे चाचा.” “चालू दे.” चहा, घड्याळ, नवा अर्ज. साहेब बदलून गेले, नव्या साहेबांना फाइल दाखवताना मी घामानं भिजलो. सतरा अर्ज झाले. दर वेळी वाटे, आता सांगू. दर वेळी ते शांतपणे माझ्या तोंडाकडे बघत बसत, डावा डोळा जरा मिटून, आणि मी हलत नसे.

अठरावा अर्ज आला नाही. मागच्या थंडीच्या तोंडावर चाचा दुकानातल्या टेबलाशी बसल्या बसल्याच गेले. भिंग डोळ्याला तसंच होतं म्हणतात.

चाळीस दिवस झाल्यावर मी चाचीकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. टाकी कोरडी, काचेवर मिठाची पांढरी रांगोळी. भिंतीवर त्या सदतिसाव्याचा फोटो, आणि त्याशेजारी लाल आकडे. कसं सुरू करावं याची जुळवाजुळव करत होतो, तोच लाइट गेली. पंखा थांबला. दहा मिनिटांनी लाइट आली आणि भिंतीवर १२:००, १२:०० लुकलुकायला लागलं.

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. त्या मंगळवारी चाचा आत आले तेव्हा ते लुकलुकत नव्हतं. बिनचूक वेळ दाखवत होतं.

“चाची,” मी म्हणालो, “तेव्हा लाइट गेली नव्हती.”

“माईत हाये ना.” तिनं खडा बाजूला टाकला. “त्याईले तवाच समजलं. घरात पाय टाकल्याबरोबर.”

“मग अर्ज काऊन देत होते?”

“तू येनं सोडलं होतं ना. मी म्हणलं, सांगून टाका पोट्ट्याले. त म्हणे नाई, घाईनं उघडलं त स्प्रिंग उडते. आपल्यानंच उघडन तो.” मग घड्याळाकडे हनुवटी करून म्हणाली, “लाव ते आता. मले नाई येत.”

मी पन्नाशीचा पोट्टा खुर्चीवर चढलो आणि वेळ लावली.

सोमवारी सतराव्या अर्जाला उत्तर लिहिलं. साहेबांकडे नेलं नाही. जावक नंबर घातला, शिक्का मारला, आणि संध्याकाळी चाचीकडे नेऊन त्या कोरड्या टाकीत ठेवलं.

‘विषय : समुद्र मेल्याबाबत. चौकशी पूर्ण झाली आहे. सदर दिवशी वीजपुरवठा सुरळीत होता. बटण निम्नस्वाक्षरीकार यांनी बंद केले व ते अस्वल पाहण्यास गेले. सदर अस्वलही दिसले नाही.’