होता होता राहिलेलं

माझ्या थोरल्या साडूंइतका अपघातांवर जीव लावणारा माणूस उभ्या सुरतेत झाला नाही. लोक नातवंडांची करतात तशी ते अपघातांची चौकशी करत, आणि तीही न झालेल्या. झालेल्या अपघातात त्यांना रस नव्हता; होता होता राहिलेला अपघात म्हणजे जीव की प्राण. माझ्या लग्नात मांडव पक्का आहे ना, हे बघायला त्यांनी एकेक खांब गदागदा हलवला. मांडव भटजींच्या डोक्यावर बसला. मंगलाष्टकं कापडाखालून ऐकू येत होती आणि साडूभाऊ समाधानानं सांगत होते, "बघा! मी आत्ता हलवला म्हणून बरं, नाहीतर कधीतरी पडलाच असता!" सुरतेच्या डिंडोली भागातल्या घरासमोर लूना लावली की तिला दोन धक्के मारून, ती पडत नाही याची खात्री करून, मगच ते चपला काढत. घरात अहिराणी चाले. जेवताना अक्काला, म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीला, रोज विचारत, "आज काय व्हता व्हता ऱ्हायनं?" अक्का तव्यावरची भाकरी उलटत म्हणे, "तुमनासंगे लगीन मोडता मोडता ऱ्हायनं, तेच!"

नव्वदीच्या दशकात ते एका लूमच्या खात्यात कारागिरांवरचे मास्तर होते. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात. त्या खात्यात एका वर्षी कुणाचं बोट गिअरमध्ये गेलं, कुणाचा अंगठा पट्ट्यात, आणि शेठ नुकसानभरपाया देऊन देऊन वाळला. विम्याचा हप्ताही चढला. शेवटी त्यानं साडूभाऊंना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "हवे एक पण आंगळी गई ने मास्तर, तो तमे पण गया." आणखी एक बोट गेलं की मास्तरांची नोकरी गेली, आणि मास्तर गेले की आम्हीही गेलो, कारण खात्यातली झाडून सगळी खानदेशी पोरं त्यांच्या शब्दावर लागलेली. मीसुद्धा. बी. कॉम.ला दोनदा आपटल्यावर माझ्या सासऱ्यांनी मला त्यांच्या गळ्यात बांधलं होतं आणि मी खुर्चीत बसून कापडाचे ताके मोजत होतो. शेठचा उपाय सोपा होता, प्रत्येक लूमवर लिंबू-मिरची. साडूभाऊ म्हणाले, "नको शेठ, पट्ट्यात अडकेल."

त्यांचा स्वतःचा सिद्धांत निराळा. "अपघात एकदम येत नाही रे, आधी चार वेळा रंगीत तालीम करून जातो. ती तालीम बघायची." म्हणून पाळी सुटली की ते दारात आडवे उभे राहत. आज होता होता काय राहिलं ते सांगितल्याशिवाय कुणाला बाहेर सोडत नसत. ज्याचा किस्सा सगळ्यांत चांगला, त्याला त्यांच्या खिशातून खमणची प्लेट. आता खुर्चीत बसून ताके मोजणाऱ्याला काय होणार? फार तर झोप लागणार. पण खमण मला फार आवडे, म्हणून मी थापा सुरू केल्या. पहिल्याच दिवशी ताक्यांची थप्पी माझ्या अंगावर येता येता राहिली असं ठोकून दिलं. खमण मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या थप्प्या मोडून कमरेइतक्या रचायचं कामही मलाच मिळालं. थापेला असा घाम येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

थापा सगळेच मारत. साहेबराव नावाचा आमचा कारागीर एकदा म्हणाला, आडवा धागा नेणारा धोटा लूममधून उडाला तो कानाला चाटून गेला. साडूभाऊ वकिलासारखे पुढे सरसावले. "कोणत्या बाजूनं? का उडाला? वादी सैल होती का?" साहेबराव गडबडला, की चालले त्याला घेऊन लूमपाशी. त्यामुळे थाप मारायची तर आधी लूम नीट बघून ठेवावी लागे. माझ्यासारखे होतकरू थापाडे दुपारी रिकामा वेळ काढून खात्यात फिरत.

एका दुपारी मी अशीच थाप शोधत कोपऱ्यातल्या लूमपाशी गेलो. बेत असा होता, की गिअरवरची जाळी निखळली आणि माझी बाही ओढली जाता जाता राहिली, असं सांगायचं. वाकून बघतो तर जाळी खरंच निखळलेली, सुतळीनं बांधलेली, आणि सुतळीही तुटत आलेली. वर साहेबराव तुटलेला धागा जोडायला वाकलेला. त्याच्या गळ्यातला गमछा गिअरच्या दिशेनं लोंबत होता. शूर माणसानं लूम बंद केला असता. मी साहेबरावचा शर्ट धरून बोंब मारली. शर्ट फाटला, आम्ही दोघं सुताच्या कचऱ्यात उताणे पडलो, आणि गमछा तेवढा गिअरनं गिळला.

"अरे, पिसाळलास का?" म्हणत साहेबरावनं मला एक लगावली. मग त्याला गमछा दिसला. त्यानं आधी लूम बंद केला.

संध्याकाळी दारात मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. पोरं खो खो हसली. आजवरची सगळ्यांत कच्ची थाप! साहेबरावनं मात्र फाटका शर्ट पुढे करून दाखवला. साडूभाऊ आत जाऊन तुटकी सुतळी घेऊन आले. मी घाईनं म्हणालो, "साडूभाऊ, ही खरी आहे. आधीच्या सगळ्या थापा होत्या."

"ते मला पहिल्या थप्पीपासून माहीत आहे," ते म्हणाले. "थापेसाठी का होईना, बघायला तर जात होतास." त्या दिवशी खमण सगळ्यांना मिळालं.

त्यानंतर दिवाळीपर्यंत कुणाचं नखही गेलं नाही. शेठनं श्रेय केबिनमधल्या देवाला दिलं आणि साडूभाऊंना घारी या सुरती मिठाईचा खोका. मास्तर राहिले, म्हणून आम्हीही राहिलो.

गेल्या महिन्यात साडूभाऊ गेले. अपघातानं नाही, म्हातारपणानं, अंथरुणावर; शिस्तीत. दहाव्याला खात्यातली जुनी माणसं आली, आता केस पिकलेली. निघताना सगळ्यांनी चपला घातल्या आणि दारातच उभी राहिली. कुणी बाहेर पडेना. कुणीतरी आडवं येऊन विचारायचं राहिलं होतं.

शेवटी अक्काच पदर सावरत आतून आली आणि उंबऱ्याशी उभी राहिली. "काय रे पोरेहो, आज काय व्हता व्हता ऱ्हायनं?"

साहेबराव पुढे झाला. "येताना रिक्षा उलटता उलटता राहिली, अक्का."

आणि आम्ही सगळे एकदम ओरडलो, "कोणत्या बाजूनं?"