चौथा काप

तो काप मी खाल्ला नाही. पाच वेळा सांगितलं, त्यात दोनदा देवाची शपथ घेऊन आणि एकदा ओरडून. घरातल्या एकानंही विश्वास ठेवला नाही. आठ वर्षं या घरात मेथी कुठं, मोजे कुठं, दवाखान्याची फाईल कुठं हे फक्त मला ठाऊक. आणि माझ्या शब्दाला कोथिंबिरीच्या काडीएवढी किंमत नाही!

किस्से असेच साठतात बघा. फ्रीजमधल्या उरलेल्या भाजीच्या डब्यांसारखे. एक काढायला हात घालावा तर मागून तीन निघतात, आणि त्यातल्या एकाला वास यायला लागलेला असतो. एकेक काढते.

आधी घर सांगते. सिंगापूर, हौगांग, आठवा मजला. निनाददादा कॉम्प्युटरवाले. केतकीताईंचं ऑफिस तांजोंग पगारला. त्यांची इरा, नऊ वर्षांची. आणि वर्षापूर्वी पुण्याहून आलेले दादांचे वडील, आप्पा. मी यमुना. चौथी पास, फलटणच्या बाजूची. पुण्यात यांच्याकडंच कामाला होते. इरा रांगत होती तेव्हा यांच्याबरोबर इथं आले. सगळे मावशी म्हणतात. नावानं हाक मारणारे आप्पा एकटेच.

* * *

मंगळवारी ताईंना यायला उशीर होतो, म्हणून मंगळवारी सोपं जेवण. दोन वर्षांपूर्वी त्या एक पाकीट घेऊन आल्या. आत बोटाएवढे जाड, गुलाबी चार काप.

"मावशी, हॅम स्टेक. एकदम ईझी. दहा मिनिटांचं काम!"

म्हटलं, डुकराचं मटण आणि दहा मिनिटांत? मला शिकवतात! काप स्वच्छ धुतले, हळद, मीठ, आलं, लसूण चोळून अर्धा तास ठेवले आणि कुकरला पाच शिट्ट्या काढल्या.

ताटात पडला तो खारट चोथा. दादांनी एक घास खाल्ला आणि वर तांब्याभर पाणी प्यायले.

ताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो मावशी, हे आधीच शिजवलेलं असतं! खारवलेलं पण असतं!"

"शिजवलेलंच होतं तर मला कशाला दिलंत?"

* * *

मग ताईंनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. तव्यात लोणी टाकायचं, काप दोन्ही बाजूंनी तांबूस करून काढून ठेवायचे. त्याच तव्यात अननसाच्या चकत्या, अननसाचा रस, साखर आणि चमचाभर मस्टर्ड. आटवायचं आणि काप त्यात घोळवायचे. व्हिडिओतली बाई सारखी "ग्लेझ, ग्लेझ" करत होती.

म्हटलं, हा तर पाक! साखर बाजूला ठेवून गूळ घातला, दोन लवंगा टाकल्या, बोटांत धरून तार बघितली. एकतारी झाल्यावर काप घोळवले. इरा बोटं चाटत म्हणाली, "सो शिओक लाह, मावशी!" तिला फार आवडलं की ती असं म्हणते.

तेव्हापासून दर मंगळवारी हेच. चार काप. तीन तिघांना, चौथा स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये, बुधवारी ताईंना ऑफिसला न्यायला. मी डुक्कर खात नाही. बकरं, कोंबडी, सुकट, सगळं खाते. डुक्कर आमच्यात कुणी खात नाही. पाक मी चाखतसुद्धा नाही, वासावर जमवते.

आप्पा तर कांदा चिरला तरी उठून खोलीत जाणारे. पण इथं आल्यावर एका मंगळवारी नाकाला रुमाल लावून स्वयंपाकघराच्या दारात उभे!

"यमुना, लवंग घातलीस?"

"हो."

"मालतीचे वडीलही घालायचे."

मालतीकाकू म्हणजे आप्पांची बायको. त्या गेल्या आणि महिन्याभरात दादा आप्पांना इथं घेऊन आले. काकूंचे वडील खडकीला लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते, हे मला तेव्हा कळलं. नाताळात तिथं हॅम भाजायचे, वर मुरंब्यासारखा थर. उरलेला तुकडा कागदात गुंडाळून लेकीला आणायचे. ती दाराशी वाट बघत बसायची.

"काकू हे खायच्या? मी दहा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, अंडं आणलेलं बघितलं नाही!"

"लग्न ठरलं तेव्हाच मी सांगितलं होतं. माझ्या घरात चालणार नाही. बाहेरही नाही."

"मग काय म्हणाल्या?"

"बरं म्हणाली." आप्पांनी रुमाल नाकावरून काढला. "त्रेचाळीस वर्षं."

मी वळून बघते तर पाक करपलेला. पहिल्यांदाच.

* * *

आता चोरी. गेल्या महिन्यात एका बुधवारी ताईंनी फ्रीज उघडला, तर डबा नाही. डबा सापडला ओट्यावर, घासून पालथा घातलेला. काप गायब.

पुढच्या बुधवारी तेच. तिसऱ्या बुधवारी दादांनी कोर्ट भरवलं.

"मावशी, खाल्ला असेल तर खाल्ला. आमची काही हरकत नाही. पण खोटं कशाला बोलता?"

"मी खाल्ला नाही! मी डुक्कर खात नाही!"

"बाहेरचा चोर डबा घासून ठेवतो का?"

मी डबा हातात घेतला. आरशासारखा चकचकीत. कडांच्या खोबणीतसुद्धा तेलाचा थेंब नाही. कुणीतरी सात पाण्यांनी धुतला होता. आता मी इतका स्वच्छ डबा आयुष्यात कधी घासला नाही, हे मीच माझ्या तोंडानं सांगायचं का?

सांगितलं. तरी विश्वास ठेवला नाही.

इरानं तर वहीच काढली. वर मोठ्या अक्षरांत 'हॅम केस', खाली संशयितांची यादी. यादीत एकच नाव. "मस्ट बी यू लाह, मावशी. ओन्ली यू ॲट होम व्हॉट."

"आणि तुझे आजोबा? ते नसतात घरी?"

सगळे हसले. आप्पा आणि हॅम! दादांना तर हसून ठसका लागला.

आप्पा तेवढे हसले नाहीत. पेपर वाचत होते.

* * *

शेजारच्या दारात एक चिनी आँटी राहते. सत्तरीची, एकटी. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची येत नाही. रोज कचरा टाकायला निघाले की जाळीच्या दारातून विचारते, "ईट ऑलरेडी?"

ईट म्हणजे खाणं, एवढं मला कळतं. माझं डोकं आधीच फिरलेलं. म्हटलं, हिच्यापर्यंत पण गेलं? मी पिशवी खाली आपटली आणि मराठीतच सुरू झाले, "नाही खाल्ला! तुमच्या दारात येऊन सांगू का? नाही खाल्ला, नाही खाल्ला!"

आँटी घाबरून आत गेली. आणि दोन मिनिटांत वाफाळता भात नि अंडं घातलेली वाटी घेऊन बाहेर आली.

संध्याकाळी इरानं सांगितलं, "मावशी, दॅट्स जस्ट हेलो लाह." इथली जुनी माणसं भेटली की जेवलात का विचारतात.

आठ वर्षांत मला ते विचारणारी ती एकटीच. आणि मी तिच्यावर ओरडले.

* * *

रविवारी मला सुट्टी. इतर घरांतल्या कामाच्या बायका बागेत चादरी अंथरून, आपापल्या भाषेत, गोल करून बसतात. गाणी काय, नखं रंगवणं काय! माझ्या भाषेचा गोल म्हणजे मी एकटी. मग मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसते. शेवटच्या स्टेशनापर्यंत जाते, तिथं उतरत नाही, परत येते. गार हवा असते आणि कुणी ऊठ म्हणत नाही.

एकदा अकरालाच घरी आले. ताई म्हणाल्या, "मावशी, आज सुट्टी आहे ना तुमची?"

"घेतली की. पुरली."

* * *

तिसऱ्या बुधवारच्या कोर्टानंतर दादांनी स्वयंपाकघरात कॅमेरा लावला. तोंड फ्रीजकडं. मोरी त्यात येत नाही, माझी पाठ मात्र दिवसभर येते.

पहिले दोन दिवस मला शरमल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, बघतोय ना कुणीतरी? मग बोलायला काय हरकत आहे! "हे बघा, दूध काढलं. हे बघा, झाकण लावलं. आज गुडघा फार दुखतोय. भावाची सून फोन उचलत नाही." असं चाललं.

सोमवारी ताई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मावशी, तुम्ही दिवसभर कुणाशी बोलता?"

"कॅमेऱ्याशी. तो उलट बोलत नाही."

चौथ्या बुधवारी पण काप गेला. रेकॉर्डिंगमध्ये सापडलं काय? पहाटे आप्पांची पाठ, दूध काढताना. सकाळी माझी पाठ. झालं! आप्पांवर कोण संशय घेणार? दादा म्हणाले, "मावशी, पुढच्या महिन्यात तुमचं वर्क परमिट रिन्यू करायचंय. इरा तुमच्यावर सोडून आम्ही दिवसभर बाहेर असतो. खोटं बोलणाऱ्या माणसावर कशी सोडू?"

हॅमचं मला काही वाटलं नव्हतं. हे लागलं. गावी माझं आता काय आहे? भावाच्या पडवीतली एक खाट, तीही त्याच्या सुनेनं लोणच्याच्या बरण्या ठेवायला घेतली.

* * *

हे पुढचं चोऱ्या सुरू व्हायच्या आठवडाभर आधीचं. काकूंचं वर्षश्राद्ध झालं. गुरुजी पुण्यात, लॅपटॉपवर. आप्पा इथं, पाटावर. सगळं नीट झालं आणि पान कावळ्याला ठेवायची वेळ आली.

ताई म्हणाल्या, "आप्पा, खाली नाही ठेवता येणार. लिफ्टमध्ये नोटीस लावलीय. पक्ष्यांना खायला घातलं की दंड होतो."

मग पान खिडकीच्या आत ठेवलं. काच बंद, एसी चालू. तासाभरानं दादांनी पान उचललं आणि कचऱ्याच्या शूटमध्ये, तळमजल्यापर्यंत जाणाऱ्या नळकांड्यात, टाकलं. आठ मजले खाली गेल्याचा आवाज आला. आप्पा ऐकत उभे होते.

दुपारी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर येऊन बसले. म्हणाले, "यमुना, दहाव्याला पण कावळा शिवला नव्हता."

"काकूंच्या?"

"पिंड ठेवला. निनाद म्हणाला, दरवर्षी येईन. केतकी म्हणाली, इराला मराठी वाचायला शिकवीन. भाचा म्हणाला, दारू सोडीन. कावळा भिंतीवर बसून मान वाकडी करून बघत होता. दोन तास! शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि उरकलं."

"भाच्यानं दारू सोडली?"

"छे!"

"मग कावळ्याला कळत होतं सगळं!"

आप्पा हसले. बऱ्याच दिवसांनी. मग म्हणाले, "मी मात्र काहीच बोललो नव्हतो गं."

* * *

आता शेवटचा. परवाचा.

परमिटचं ऐकल्यापासून मी पण हट्टाला पेटले. मंगळवारी अननसाचा पाक केला, चौथा काप डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवला. बुधवारी पहाटे उठले आणि कपडे वाळत घालायच्या जागेत, दारामागं पाटावर बसून राहिले. बसल्या बसल्या डोळा लागला. मेलं नशीब!

पाण्याच्या आवाजानं जाग आली. बाहेर उजाडलं होतं. मोरीशी आप्पा. पायात फिरायला जायचे बूट, बुटांना ओलं गवत चिकटलेलं. हातात माझा डबा. राख लावून भांडी घासावीत तसा घासत होते.

"आप्पा! तुम्ही?"

डबा हातातून सुटला.

"अहो, चार आठवडे मी शिव्या खाते! आणि काप तुम्ही खाता?"

"मी नाही खाल्ला, यमुना."

"खोटं बोलू नका आप्पा. या वयात!"

"देवाशपथ. मी नाही खाल्ला."

मी विश्वास ठेवला नाही. कसा ठेवणार? डबा त्यांच्याच हातात!

आप्पांनी डबा उचलला, परत धुतला, पालथा घातला. डोळे लाल, पण चेहरा असा की मी वर्षात बघितला नव्हता. म्हणाले, "आज आला."

"कोण आला?"

उत्तर न देता अंघोळीला गेले. दर बुधवारी ते दोनदा अंघोळ करतात. ताईंना वाटतं, उकाड्यानं.

संध्याकाळी परत कोर्ट. दादा, ताई सोफ्यावर. इरा वही घेऊन खाली. मी उभी. मी नाव सांगितलं असतं तर परमिट वाचलं असतं. जिभेच्या टोकावर होतं! पण म्हाताऱ्या माणसाला लेकापुढं, नातीपुढं उघडं पाडायचं? मला ते जमलं नाही. आणि सांगून तरी कुणी खरं मानलं असतं?

"मावशी," दादा म्हणाले, "शेवटचं विचारतो. कुणी खाल्ला?"

मी गप्प. आठ वर्षांत या घरात मी पहिल्यांदा गप्प.

आप्पा खोलीतून बाहेर आले. नवा सदरा घातलेला. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"यमुनेनं खाल्ला नाही. तिला एक शब्द बोलायचा नाही."

"आप्पा, तुम्हाला माहितेय?" ताई उठून उभ्या राहिल्या. "मग कुणी खाल्ला?"

"चार बुधवार मी वाट बघितली. आज खाल्ला. सगळा खाल्ला, अननससुद्धा."

दादा माझ्याकडं बघतात, मी आप्पांकडं. इरानं पेनचं टोपण काढलं, माझ्या नावावर काट मारली आणि पान उलटलं.

"नेम, आजोबा?"

आप्पा वाकले, वहीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "लिही. मराठीत लिही. मालती."