कुरडईचा बर्फ

प्रताप नगरातल्या प्रेमिलाबाई भोयर यांना कॅनडातल्या सॅस्काटून या गावचं आजचं तापमान कधीही विचारा, तोंडपाठ असतं. नागपूरचं नसतं. "नागपूरचं काय पाठ करायचं? ते तं अंगालेच समजते," असं त्यांचं म्हणणं.

वय चोपन्न. उन्हाळाभर गच्चीवर कुरड्या, पापड आणि मूगवड्या घालायच्या आणि वर्षभर त्या विकायच्या, हा त्यांचा उद्योग. यजमान बाबाराव वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून या उद्योगात चव बघण्याच्या खात्यावर आहेत. आणि अशा या घरच्या बाई 'टिन मिटन्स' नावाच्या चार जणांच्या रॉक बँडसाठी जीव टाकतात. मिटन्स म्हणजे बिनबोटांचे हातमोजे. ते पत्र्याचे कसे आणि का, हे बँडलाही सांगता यायचं नाही. पण प्रेमिलाबाईंपुढे त्या नावाला हसायचं काम नाही.

हे वेड तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात लागलं. बाबारावांची पुतणी करिष्मा पारशिवनीहून कॉलेजसाठी यांच्याकडे राहायला आली. सकाळी सहाला काकूबरोबर गच्चीवर चीक हाटायला यायची आणि मोबाइल पाण्याच्या टाकीला टेकवून गाणी लावायची. एक दिवस ऊन सेहेचाळीसवर गेलेलं. सोऱ्या दाबून दाबून प्रेमिलाबाईंचे खांदे गळून गेलेले. तेवढ्यात मोबाइलमधून एक बाई अगदी संथ, काहीशी कुरकुरल्यासारखी गाऊ लागली.

"काय म्हणून राहिली वं हे?"

"ते म्हणते काकू, का बस स्टॉपवर उभी हाये, अन् श्वास सोडला तं तो मफलरवरच गोठून गेला."

प्रेमिलाबाईंनी सोऱ्या खाली ठेवला. पदरानं मानेवरचा घाम पुसला. म्हणाल्या, "पुन्हा लाव."

त्या दिवशी ते गाणं चौदा वेळा लागलं. पुढे करिष्मानं समजावलं की हा इंडी रॉक. म्हणजे मागे मोठी कंपनी नाही, घरच्या तळघरात गाणी बनवायची, आपली आपणच विकायची.

"म्हणजे घरगुती," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "आपल्यावानी."

तिथून मग थांबणं नव्हतं. नोरा गाते, तिचा गुडघा दुखतो. ड्रमवाला ग्रेग मुलखाचा आळशी, पण हात गोड. मधला अल्बम घाईत काढला, "चीक नीट शिजू नाही देला त्यायनं." कुणी कुरड्यांची ऑर्डर द्यायला आलं तर त्याला आधी दोन गाणी ऐकावी लागत. बाबारावांनी एकदा विचारलं, "तुले इंग्रजी समजते तरी का?" तर उत्तर मिळालं, "तुमी तीस वर्षं मराठीत बोलून राहिले, ते तरी कोठी समजते मले?"

या एप्रिलमध्ये एका गुरुवारी संध्याकाळी करिष्मा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आली. "काकू! टिन मिटन्सनं आवाज मागतले!"

नव्या गाण्यात बँडला जगभरच्या चाहत्यांकडचे आवाज घालायचे होते. प्रत्येकानं आपल्या जागेचा एक मिनिटाचा आवाज पाठवायचा. सलग, मध्ये कापाकापी नको. आवडतील तेवढे गाण्यात जाणार. मुदत शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत, तिथल्या. करिष्मानं बोटांवर हिशेब करून सांगितलं, म्हणजे आपल्याकडे शनिवारी सकाळी साडेअकरा.

प्रेमिलाबाई खाली बसल्या. टिन मिटन्सच्या गाण्यात आपण! छाती अशी धडधडायला लागली की तीच रेकॉर्ड करून पाठवावी, असं करिष्माला वाटून गेलं.

मग नागपूरचा आवाज कोणता, यावर घरात चर्चा झाली. बाबाराव म्हणाले कूलरचा. कुरड्यांच्या कामाला येणारी कामिनी म्हणाली, पोह्यांवर तर्री पडते त्याचा. पण त्याला आवाज नसतो, हे तिलाच थोड्या वेळानं पटलं. प्रेमिलाबाई उठून आत गेल्या, फुटक्या कुरड्यांचा चुरा असलेली पिशवी घेऊन आल्या, आणि पिशवीवर आधी उजवा पंजा दाबला, मग डावा, मग उजवा.

कर्र. कर्र. कर्र.

करिष्माचं तोंड उघडंच राहिलं. नोराच्या कितीतरी गाण्यांत वाजणारा, गोठलेल्या बर्फावरून कुणी बूट घालून चालत जाण्याचा, हुबेहूब तोच आवाज.

"तिच्या इकडचा बर्फ उणे तीसमध्ये वाजते," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "आपला पंचेचाळीसमध्ये वाजते. पाठवू."

अडचणी दोन होत्या. पहिली ही, की चुरा त्या रात्री कूलरच्या खोलीत राहून सर्दावला आणि शुक्रवारी नेमकं आभाळ आलं. म्हणजे शनिवारी सकाळी दहापर्यंतचं ऊन खाल्ल्यावरच तो वाजणार. दुसरी, प्रताप नगरात सकाळी अकराला एक मिनिट शांतता मिळणं. बोअरच्या मोटारी, मिक्सर, कुकर, भंगारवाल्याचा भोंगा आणि समोरचे गणपतराव, जे फोनवर बोलताना पलीकडच्या माणसाला फोनची गरज ठेवत नाहीत.

यावर प्रेमिलाबाईंनी जो उपाय केला, तो त्यांच्या मते अगदी सरळ होता. शुक्रवारी संध्याकाळी त्या बरी साडी नेसून गल्लीतली अकरा घरं फिरल्या. प्रत्येक घरी दारात उभं राहून सांगितलं, "उद्या अकरा वाजता एक मिनिट शांत राहा बाप्पा. कॅनडाले आवाज पाठवायचा हाये."

आता आमच्याकडे एखादी बाई बरी साडी नेसून स्वतः दारी येते आणि दिवस-वेळ सांगून जाते, त्याला एकच अर्थ असतो. हळदीकुंकू असो, बारसं असो, सांगणं झालं की जाणं आलं. नुसतं 'घरीच राहा' सांगायला कुणी घरोघर फिरतं का?

शनिवारी पावणेअकराला गणपतराव स्वतःची प्लास्टिकची खुर्ची घेऊन गच्चीवर हजर झाले. "आलो वहिनी. कोठी बसू शांत?"

त्यांच्या मागून त्यांची सून प्रीती, तिच्या मागून कोपऱ्यावरच्या घरातले सात जण. अकरा वाजेपर्यंत उन्हासाठी बांधलेल्या हिरव्या जाळीखाली छत्तीस माणसं जमली. घरी आलेल्या माणसाला पाणी न देता शांत बसवायचं, हे भोयरांच्या घरात व्हायचं नव्हतं. कामिनीनं पन्हं केलं. पन्हं आलं म्हणून ते बरं झालं की नाही याची बोलणी आली. गणपतराव उभे राहून कॅनडा या विषयावर दोन शब्द बोलू लागले.

"काकू, अकरा सतरा!" करिष्मा रडकुंडीला आली.

प्रेमिलाबाई टाकीच्या ओट्यावर चढल्या. आयुष्यात कधी सभेपुढे उभ्या राहिल्या नव्हत्या. म्हणाल्या, "तीन सालापासून मी यायले ऐकून राहिली. आज पयल्या डाव ते मले ऐकनार हायेत. आता जो बोलन, त्याले यंदा कुरडी भेटनार नाही."

सगळी गच्ची चिडीचूप झाली. खरोखर चिडीचूप. अकराच्या अकरा घरं रिकामी असल्यामुळे मिक्सर नाही, मोटार नाही, कुकर नाही. इतकी शांतता त्या गल्लीनं लॉकडाऊनमध्येही पाहिली नव्हती.

धोतराच्या फडक्यावर चुरा तापून काचेसारखा झाला होता. अन्नाला पाय लावायचा नाही म्हणून प्रेमिलाबाई गुडघ्यांवर बसल्या आणि तळहातांनीच चालू लागल्या. डावा, उजवा. कर्र. कर्र. करिष्मानं मोबाइल जवळ धरला. दहा सेकंद. वीस. प्रेमिलाबाईंनी डोळे मिटले. बस स्टॉप दिसायला लागला. चाळीस. पन्नास. घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकायला आला, तो त्यांनी तसाच धरून ठेवला.

बावन्नाव्या सेकंदाला बाबारावांनी, नवऱ्याचा हात नव्हे, चव-खात्याचा हात पुढे केला, एक तुकडा तोंडात टाकला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "मीठ कमी हाये वं."

छत्तीस माणसं फुटली. गणपतरावांची खुर्ची कलंडली. प्रेमिलाबाईंनी खाली पाहिलं. चुऱ्याचं पीठ झालं होतं. ते आता काही केल्या वाजणार नव्हतं. घड्याळात अकरा बावीस.

"पाठव," त्या म्हणाल्या. "बावन्न सेकंद तं खरे हायेत."

अकरा सत्तावीसला आवाज गेला. बाबारावांना चार दिवस बिनमिठाची भाजी मिळाली. त्यांनी ती चव न सांगता खाल्ली.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी गाणं आलं. प्रेमिलाबाईंनी कुणालाही सांगितलं नव्हतं, तरी गच्चीवर पंचवीसेक जण होतेच. करिष्मानं स्पीकर लावला. गिटार आली, नोरा आली, एक कडवं झालं, दुसरं झालं. कुठे समुद्र वाजत होता, कुठे कुणाची घंटा. प्रेमिलाबाई ओठ दाबून बसल्या होत्या. मग सगळी वाद्यं थांबली.

कर्र. कर्र. कर्र. कर्र.

पूर्ण नऊ सेकंद, एकटी कुरडई. आणि मग तिच्याच तालावर ग्रेगचा ड्रम उचलला गेला.

प्रेमिलाबाई किंचाळल्या. कामिनी किंचाळली. करिष्मा तर उड्याच मारायला लागली. गणपतराव सर्वांना हातानं गप्प करत म्हणाले, "थांबा, थांबा! मांगं घ्या! दोन पावलांच्या मधात जी शांतता हाये न, ते माही हाये!"

"तुमची कशी? तुमी तं नाकानं शिट्टी वाजवून राहिले होते," प्रीती म्हणाली. "ते मायी हाये."

गाणं पुन्हा लागलं. शांततेच्या वाटण्या सुरू झाल्या. बाबाराव मात्र बाजूला कठड्याशी उभे होते. शेवटी म्हणालेच, "मायं वाक्य काढून टाकलं गा त्यायनं. मेन गोष्ट तेच होती."

तोवर करिष्मा मोबाइलवर गाण्याखालची नावं वाचत होती. ती मोठ्यानं म्हणाली, "ऐका! गायन, नोरा. ड्रम, ग्रेग. अन् हे पाहा... कुरडई, प्रेमिला बाबाराव भोयर, नागपूर!"

आवाजाबरोबर पाठवायच्या फॉर्मवर नाव लिहायचं म्हणजे आधार कार्डावर आहे तसं, पूर्ण लिहायचं. प्रेमिलाबाईंना दुसरं ठाऊकच नव्हतं. आणि त्या बिचाऱ्या बँडनं ते अक्षरन् अक्षर छापलं होतं.

बाबाराव कठडा सोडून पुढे आले. करिष्माच्या हातातला मोबाइल घेतला, चष्मा वर केला, नाव बोटानं दाबून मोठं करून पाहिलं. मग स्वतःच्या खिशातला फोन काढून त्यांनी पारशिवनीला थोरल्या भावाला लावला.

"मारोतदादा? हाव, बाबाराव. वावरात हायेस का? बस जरा खाली. अरे, मी कॅनडाच्या गाण्यात आलो ना!"

प्रेमिलाबाई हसत हसत खाली बसल्या आणि करिष्माला म्हणाल्या, "पुन्हा लाव."